सात नंबरचा पिंजरा

रविवारी सकाळी साडेदहाला दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्यानं शटर अर्ध्यातून सोडून दिलं, ते खट्ट करून फरशीवर आदळलं, आणि वरच्या मजल्यावर अब्बांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेला मी इंचभर उडालो. वॉर्डात बाकी कुणी उडालं नाही. समोरच्या खाटेवरचा म्हातारा मोसंबी सोलत होता, तो सोलतच राहिला. पण माझ्या धंद्यात हा आवाज म्हणजे पगार. लोखंडी दार पट्टीवर पडलं की खट्ट होतं, आणि खट्ट झालं की आत ससा असतो. मी परत स्टुलावर टेकेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती. शुक्रवारी सात नंबरच्या पिंजऱ्याचं दार मी तारेनं बांधलं होतं की नव्हतं?

शुक्रवारी दुपारी चारला मी तिथून पळालो. आज रविवार. काल शनिवारी हिंगोलीत चव्वेचाळीस होतं, म्हणजे माळावर किती असेल ते मोजायला तिथं कुणी नसतं. काल दिवसभर मला पिंजरा आठवला नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. काल मी दोनदा जेवलो, एकदा खाली जाऊन दाढी करून आलो, न्हाव्याशी पंख्याच्या कंपन्यांवर वाद घातला. ससा नियंत्रण सहायक हे पद असलेल्या माणसाला बेचाळीस तासांत ससा आठवला नाही, आणि आठवला तो गोळ्या-औषधांच्या दुकानामुळं.

हे पद खरंच आहे. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढच्या माळावर सोलरचा प्लांट आहे, तिथं मी कामाला आहे. माळ पूर्वी मेंढरांचा होता, आता तारेच्या कुंपणात आहे. कुंपण घातलं तेव्हा आत जे जे होतं ते आतच राहिलं, त्यात ससे पण राहिले. पुढं केबली कुरतडलेल्या निघायला लागल्या. पुण्यातल्या साहेबांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तपासलं, तर पडद्यावर एक ससा बसलेला. काही करत नव्हता, नुसता बसला होता, पण केबलीपासून चार फुटांवर. झालं. उंदीर कॅमेऱ्यात दिसत नाही, ससा दिसतो. आठवड्यात दहा पिंजरे आले आणि त्यांच्यासोबत एक ऑस्ट्रेलियाची पुस्तिका. परवानगीचा कागद आलाय असं साहेब म्हणाले. कागद मी पाहिला नाही, पुस्तिका मात्र पाठ केली. पुस्तिकेत लिहिलं होतं की पिंजरा बिळाच्या तोंडाशी लावावा. आमच्याकडचा ससा बीळ करत नाही, गवतात अंग दाबून पडतो. हे साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "रिझवान, नीट शोधा. बिळांचे फोटो पाठवा." दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी मी आणि गेटवरच्या फुलसिंगनं पहार घेतली आणि तीन बिळं खोदली. चांगली कोपरभर खोल, तोंडाला माती पसरलेली. जवळ लेंड्या पाहिजेत असं पुस्तिकेत होतं, म्हणून कुंपणाबाहेर मेंढरं राखणाऱ्या सटवाजीच्या शेळीच्या आणून टाकल्या. साहेबांचं उत्तर आलं, "एक्सलंट. ॲक्टिव्ह दिसतायत."

"काय म्हणतोय डॉक्टर?" सबीहाआपा थर्मास घेऊन आत आली. मोठी बहीण. शुक्रवारी तिचाच फोन आला होता.

"अजून आला नाही. राउंड बाराला."

"मग तू असा काहून बसलाय? उठबस करून राहिलास नुसता."

मी परत उठलो होतो, हे मला तिनं सांगितल्यावर कळलं. अब्बा जागे होते. त्यांची उजवी बाजू गेलीय, बोलणं गेलंय, डावा हात आहे. त्या हातानं ते कालपासून एकच करतायत. माझं पहिलं बोट धरतात आणि वर उचलतात. सोडतात. परत धरतात, उचलतात. आपाला वाटलं तहान लागलीय. नर्सला वाटलं लघवीला. मला काल काहीच वाटलं नव्हतं, आणि आज शटर पडल्यावर एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. अब्बा दार उचलत होते.

अब्बा म्हणजे नासेर पिंजरेवाले. मोंढ्याच्या कोपऱ्यावर बारदाना अंथरून बसायचे आणि तारेचे उंदराचे पिंजरे विकायचे, स्वतः वळलेले. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बांचा धंदा सगळा मराठीत. त्यांच्या धंद्यात दोन खोडी होत्या. एक, प्रत्येक पिंजऱ्याचा चाप ते स्वतःच्या बोटानं तपासायचे. बोट आत घालायचं, चाप हलवायचा, दार बोटावर पडलं की पिंजरा पास. त्या बोटाचं नख वर्षानुवर्षं निळंच होतं. दुसरी खोड धंद्याला जास्त महाग पडायची. गिऱ्हाईकानं पिंजरा उचलला की अब्बा विचारायचे, "सकाळी बघशील ना?"

"बघू की चाचा. सवडीनं. दुपारून."

"मग न्हाई भेटत. पलीकडच्या दुकानात औषध भेटतं, ते घे."

आणि गिऱ्हाइकाच्या हातातला पिंजरा काढून घेऊन बारदान्याखाली सरकवायचे. तोंडावर राग नसायचा. सरकवायचे आणि दुसरीकडं बघायला लागायचे, जसा तो माणूस तिथं नव्हताच. मी शेजारी शरमेनं मेलेला असायचो, कारण एकदा तो माणूस आमचा गणिताचा सर होता. घरी येऊन मी भांडलो. उंदीर तर मारायचाच आहे, सकाळी मेला काय, दुपारी मेला काय. अब्बा तार वळत होते. म्हणाले, "मारायचा तर मार की. पर आत गेला की तो तुझा झाला. चांगला असो का हरामी, तुझा. आपल्या मानसाला कोन असं इसरून जाते व्हय?" एकदा एकानं तीन दिवसांनी पिंजरा परत आणला, आत वाळलेला उंदीर. अब्बांनी तो पिंजरा धुतला, मग पक्कड घेऊन बसले आणि त्याची एक एक तार उलगडून सरळ केली. त्या तारांवर आमच्या घरी अजून कपडे वाळतात.

मी व्हरांड्यात जाऊन फुलसिंगला फोन लावला. डोळे मिटून आधी शुक्रवार आठवायचा प्रयत्न केला. नियम असा, की संध्याकाळी दार वर करून आकड्यात अडकवायचं, पहाटे बघायचं, आणि दिवसा दार तारेनं बांधून टाकायचं, म्हणजे कुणी आत गेलं तरी पडायला नको. शुक्रवारी दुपारी दहाही बांधलेले होते. पण साहेबांना फोटो हवा होता, गाजरासहित, कारण पुस्तिकेत गाजर होतं. मी एरवी लसूणघास ठेवतो. गाजर सशानं या जिल्ह्यात कधी बघितलेलं नाही. तर सात नंबरची तार सोडली, दार अडकवलं, गाजर ठेवलं, फोटो काढला. आणि फोन वाजला. आपा रडत होती, "रिझू, अब्बा गिर गए." इथपर्यंत सगळं काचेसारखं दिसतं. उजव्या हातात फोन. डाव्या हातात तार. पुढं मी गेटकडं पळतोय. तारेचं काय झालं? बोटांना विचारलं, तर बोटं सांगतात की पीळ दिला, दोन वेढे. पण त्यांनी हजार वेळा पीळ दिलाय, ती कुठल्याही दिवसाचा पीळ काढून दाखवतील. मी पँटच्या खिशात हात घातला. खिशात वीतभर तार होती.

"हौ भाऊ," फुलसिंग म्हणाला.

"फुलसिंग, सात नंबर बघ रे जाऊन. आत काही आहे का?"

"बगतो." पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला. "पायलं भाऊ."

"काय आहे?"

"पिंजरा हाय."

"पिंजऱ्यात काय आहे?"

"बराबर हाय सगळं."

"तू आता कुठं उभा आहेस?"

"सात नंबरपाशीच की."

"मग कूलर कुठला वाजतोय?"

मागं कूलर घरघरत होता, त्यातलं पाणी संपत आलं होतं, तेही ऐकू येत होतं. "भाऊ," तो म्हणाला, "वारा सुटला हाय इकडं." मेच्या उन्हात. चिडावं असं वाटलं नाही. सात नंबर गेटपासून दीड किलोमीटरवर, सावली नाही, आणि साहेब रविवारी कॅमेरा बघत नाहीत. मी असतो तर मीही वारा सोडला असता. मग सटवाजीला लावला. कुंपणाबाहेर मेंढरं राखणारा तो एकच माणूस असा, की ज्याला सांगितलं तर तार ओलांडून आत गेला असता. फोन त्याच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं उचलला. "ते कुठले घरी? मेंढरं घिऊन सिद्धेश्वरला गेल्यात, धरणाच्या पान्याला. फोन हितंच चुलीपाशी इसरलं म्हातारं. काही निरोप हाय का?" मी म्हणालो, काही नाही. काय निरोप देणार.

सटवाजीमुळंच मला एक ससा ओळखू यायला लागला होता. पहिला ससा पकडला तेव्हा तो कुंपणाशी उभा होता. "काहून धरून राहिला रे त्याला? त्यानं काय तुझं सोलर खाल्लं?" पकडलेला ससा वीस-पंचवीस किलोमीटर लांब नेऊन सोडावा असं पुस्तिकेत होतं. मी तो कुंपणाच्या पलीकडं, सटवाजीच्या पायाशी सोडला. सोडण्याआधी सटवाजीनं मेंढरावर खूण करायच्या लाल रंगाचं बोट त्याच्या डाव्या कानामागं ओढलं. "आता हरवला तर वळखू यील," म्हणाला, आणि स्वतःच हसला. चार दिवसांनी पिंजऱ्यात ससा. डाव्या कानामागं लाल. परत सोडला. परत आला. कुंपणाखालून कुठून येतो ते त्यालाच माहीत. लसूणघास खायचा, रात्रभर पिंजऱ्यात बसायचा, सकाळी मी दार उचललं की घाई न करता निघायचा. असा तो नऊ वेळा आला. साहेबांकडच्या तक्त्यात नऊ ससे आहेत, हिरव्या रंगात, वर चढत जाणारी रेघ. "दहा झाले की तुला कायम करून टाकू," साहेब म्हणाले होते. एका सशाच्या जोरावर मी कायम होणार होतो, आणि तोही दर खेपेला वेळेवर येत होता. नोकरीत माझ्यापेक्षा तो नियमित.

आणि गुरुवारी, म्हणजे अब्बा पडायच्या आदल्या दिवशी, मी घरी कुरतडलेल्या केबलीचा तुकडा नेला होता. दाखवायला, की बघा, माझं काम किती गंभीर आहे. अब्बांनी तो उजेडाकडं धरला, निळ्या नखानं दाबून बघितला. "दोन दात, बारके. उंदीर हाय हे. ससा असा किरकिर करत न्हाई, तिरपं कापते, इळ्यानं कापल्यावानी. सांग तुझ्या सायबाला." मी म्हणालो, सांगतो. सांगणार नव्हतो. उंदरासाठी अब्बांसारखे लोक असतात, बारदान्यावर बसलेले. सशासाठी पद असतं, ओळखपत्र असतं, गळ्यात निळी फीत असते. अब्बांनी माझ्याकडं बघितलं आणि तुकडा परत दिला. त्यांना कळलं होतं असं आता वाटतं. पण आता मला सगळंच तसं वाटतंय.

मी आत आलो. अब्बांनी बोट धरलं. उचललं. डोळे माझ्यावर होते, पिवळट, पाणावलेले, पण पूर्ण शुद्धीत. सकाळी बघितलंस ना?

"हौ अब्बा," मी म्हणालो, "बघितलं."

त्यांनी बोट सोडलं आणि तास-दीड तासात पहिल्यांदा हात पोटावर ठेवून डोळे मिटले. आपा म्हणाली, "काय विचारलं रे त्यांनी? शांत झाले बघ." तेव्हा मी चप्पल घातली.

"रिझू, डॉक्टर येईल आता!"

"आलोच. दोन-तीन तास."

"तीन तास? कुठं चाललास? बापापेक्षा कोण मोठं लागून गेलं तुझं?"

ससा, असं मी म्हणालो नाही. असं म्हणता येत नाही. मी "ऑफिस" म्हणालो, आणि ती जे बोलली ते जिन्यापर्यंत ऐकू आलं.

गोरेगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही. मी पुढच्या सीटवर बसून एक-एक माणूस येताना बघत होतो आणि डोक्यात हिशेब लावत होतो. ससा दिवस बुडता बाहेर पडतो, म्हणजे शुक्रवारी सातला दार पडलं असणार. मग रात्र. रात्र ठीक, रात्र त्याच्या सवयीची. पहाटे तो माझी वाट बघायला लागला असणार. सहा, साडेसहा. नऊ वेळा मी आलो होतो, दहाव्यांदा का येणार नाही? सातला ऊन कुंपणावरून आत येतं. बाकीचे पिंजरे पॅनलच्या सावलीत, फक्त सात नंबर उघड्यावर, कारण तिथं केबलीचा खड्डा आहे. आठ. नऊ. जाळी तापते, मग खालची पत्र्याची पाटी तापते. एक पाय उचलायचा, मग दुसरा. आणि दुपारी एकला मी इकडं न्हाव्याला सांगत होतो की पंखा घ्यावा तर तांब्याच्या तारेचाच. मागं बसलेल्या बाईनं खांद्यावर बोट टोचलं. "लेकरा, पाय काहून हलवून राहिलास? जीप हलून राहिली समदी." मी पाय थांबवला. "घरी कुनी आजारी हाय काय?" हो म्हणालो. "कोन?" एवढा साधा प्रश्न, पण मला उत्तर सुचायला इतका वेळ लागला की तिनं हळहळून माझ्या हातात एक केळं ठेवलं. ते मी पूर्ण प्रवासभर हातात धरून होतो.

फाट्यापासून माळापर्यंत चालत गेलो. फुलसिंग मला बघून खाटेवरून उठला आणि टोपी घातली. मी सरळ आत गेलो. दीड किलोमीटर काळ्या पॅनलांच्या मधून. सगळे आभाळाकडं तोंड करून, एका रांगेत, इतका उजेड पोटात घेऊन गप्प. मला वाटेत अगदी पक्कं आठवायला लागलं की तार मी बांधली होती. खिशातली तार दुसरीच, जुनी. दोन वेढे दिले होते, वेढे देताना बोटाला टोचलं पण होतं. मी बोट बघितलं. बोटावर काही नव्हतं.

सात नंबरचं दार पडलेलं होतं.

तो कडेला, जाळीला अंग लावून पडला होता. जाळीच्या पलीकडं पॅनलची सावली हातभर लांब होती, त्या बाजूला. डोळ्यापाशी मुंग्या. नाकावरची कातडी जाळीनं सोललेली. गाजर तसंच होतं, वाळून काडी झालेलं, त्याला दात लागलेला नव्हता. ऑस्ट्रेलियात खाल्लं असतं. मी दार उचललं आणि हात आत घातला. अंग गरम होतं. पण त्या माळावर सगळंच गरम होतं. तार, दगड, माझ्या हातातलं केळं. गरम असण्याला तिथं काही अर्थ नव्हता. काल मेला का आत्ता, ते कळायला मार्ग नव्हता, आणि कळून घ्यायला मी कितीतरी वेळ त्याच्या छातीवर बोट ठेवून बसलो होतो.

मग मी डावा कान उलटा केला. लाल नव्हतं. थुंकी लावून चोळलं. उजवा बघितला, मग परत डावा. रंग उन्हानं उडतो का? सटवाजीच्या मेंढरांचा तर दिवाळीपर्यंत राहतो. मी मान वर केली, तेव्हा समोरच्या पॅनलखालच्या सावलीत काहीतरी हललं. तो तिथं बसला होता. डाव्या कानामागं लाल, मळकट, पण लाल. तो माझ्याकडं बघत नव्हता. पिंजऱ्याकडं बघत होता, एसटीत आपल्या रोजच्या सीटवर दुसराच बसलेला दिसावा तसा. नऊ खेपा जो पकडला तो एक होता, आणि हा पिंजऱ्यातला, जो मी कधी बघितलाच नव्हता, तो खरा दुसरा. ज्याला सकाळी कुणी येतं हे माहीतच नव्हतं. म्हणजे तो माझी वाट बघत नव्हता. मघाशी जीपमध्ये मी जे सगळं त्याच्यासाठी सहन केलं ते चुकीच्या सशासाठी केलं होतं. हा पहिल्या मिनिटापासून नुसता घाबरला असणार.

फोन थरथरला. रविवारी दोनला साहेबांचा मेसेज येतोच. "आतापर्यंतचा आकडा?" मी "१०" लिहिलं आणि पाठवलं. मग उन्हात उभा राहून पहिल्यांदा लिहिलं, "सर, केबली ससे खात नाहीत. उंदीर खातात. माझ्या वडिलांनी बघून सांगितलंय." दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर लगेच आलं. "उंदीर आपल्या स्कोपमध्ये नाहीत. दहाबद्दल अभिनंदन. कायमचं पत्र सोमवारी."

पुरायला पहार आणायची तर परत गेटपर्यंत जावं लागलं असतं. गरज पडली नाही. वीस पावलांवर आम्ही खोदलेलं दुसरं बीळ होतं, फोटोतलं. तोंडाशी सटवाजीच्या शेळीच्या लेंड्या अजून होत्या. मी त्याला आत ठेवला, बरोबर मावला, कान तेवढे दुमडावे लागले. वर माती ओढली, माती तिथंच पसरलेली होती, पुस्तिकेप्रमाणं. बिळात राहणारा हिंगोली जिल्ह्यातला हा पहिला ससा. हे वाक्य मनात आलं आणि मला हसू येईल असं वाटलं. मी थोडा वेळ थांबलो, पण आलं नाही. मग खिशातली तार काढून सात नंबरचं दार वर बांधलं. दोन वेढे. तिसरा दिला. चौथा दिला. तार संपेपर्यंत देत राहिलो. केळं सोलून सावलीच्या दिशेनं ठेवलं. ससा केळं खात नाही हे मला माहीत आहे.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. डॉक्टर येऊन गेला होता, बरंय म्हणाला होता, हात-पाय चोळत राहा म्हणाला होता. आपा माझ्याशी बोलत नव्हती. अब्बा जागे होते. त्यांनी डावा हात पुढं केला, माझं पहिलं बोट धरलं, त्याला अजून माती होती, आणि वर उचललं.

मी वाकलो. "उशिरा बघितलं, अब्बा," मी म्हणालो. "दोन दिवसांनी."

त्यांनी बोट लगेच सोडलं नाही. अंगठ्यानं त्यावरची माती चाचपली, नखापाशी दाबून बघितलं, केबलीचा तुकडा बघितला होता तसं. मग बोट सोडलं, हात चादरीखाली सरकवला आणि मान खिडकीकडं वळवली.

"काय झालं?" आपा न राहवून म्हणाली. "काय पाहिजे त्यांना?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "गिऱ्हाईक परत पाठवलं."